शूर कोण? उडी मारणारा, की 'नाही' म्हणणारा?

थोडी मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा. सुट्टीत पोराबाळांना घेऊन समुद्रावर जाणार असाल तर शेवटपर्यंत वाचाच.

डिसेंबरात आम्ही चार कुटुंबं थायलंडला जाऊन आलो. पटायाला गेलो होतो म्हटलं की आमच्या सांगलीत माणसं एक डोळा मिचकावतात. मिचकवा बापडे. आम्ही बायका-पोरं, एक सासूबाई आणि भडंगाचे दोन डबे घेऊन गेलो होतो. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडनं भारतीयांची व्हिसाची अट काढली, तेव्हापासून आपली माणसं गोव्याच्या बजेटशेजारी बँकॉक-पटायाचं बजेट मांडायला लागली आहेत. आम्हीही तसंच केलं.

तर तिथे मी विमानातून उडी मारली. वय सत्तेचाळीस, धंदा इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टरचा, आणि तोवरची माझी सगळ्यात उंच उडी म्हणजे शाळेत असताना घाटाच्या पायरीवरून कृष्णेत मारलेली. फोटो टाकला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत, 'वाघ', 'नाद खुळा', 'सांगलीचा पठ्ठ्या'. आभार. पण खरं सांगतो, त्या कौतुकाला मी लायक नाही. त्या दिवशी तिथे एक धाडसी माणूस होता, पण तो मी नव्हतो. ती काउंटरवर बसलेली पंचविशीतली थाई पोरगी होती.

झालं असं. उडीचं खूळ लेकीचं. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिनं शीतल महाजनांचं नाव काढलं. आपल्या पुण्याच्या शीतलताईंनी २०१८ च्या फेब्रुवारीत पटायाच्याच आकाशातून, तेरा हजार फुटांवरून, नऊवारी नेसून उडी मारली होती. 'त्या नऊवारीत मारतात आणि तुम्हाला ट्रॅकपँटमध्ये भीती वाटते होय?' असं लेकीनं म्हटल्यावर बाप काय बोलणार? मी तयार झालो. माझा लंगोटीयार बापूही तयार झाला. बापू म्हणजे दिलदार माणूस, वजन एकशे आठ किलो.

सकाळी गाडी हॉटेलवर आली. पटायापासून अर्ध्या-पाऊण तासावर धावपट्टी. गेल्या गेल्या फॉर्म, पासपोर्ट, आणि तिसरी गोष्ट वजनकाटा. आधी रात्री किती दारू घेतली, पाठीचं-मानेचं काही दुखणं आहे का, रक्तदाब आहे का, सगळं विचारलं. मग बापू काट्यावर चढला. पोरीनं आकडा बघितला आणि हसून म्हणाली, 'सॉरी सर. शंभरच्या वर नाही.'

बापूनं आपली सगळी हत्यारं काढली. आधी म्हणाला, सकाळचा नाश्ता जड झालाय. मग बूट काढून उभा राहिला. मग म्हणाला, चार हजार किलोमीटरवरून आलोय. मग जादा पैसे देऊ केले. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, 'आरं तू तरी सांग की तिला, आठ किलोनं काय हुतंय? ॲडजस्ट करा म्हणावं.' मीही दोन शब्द बोललो, खोटं कशाला सांगू. पोरगी दर वेळी तेवढंच हसली आणि दर वेळी तेच म्हणाली, 'नो सर.' आणि त्याच हातानं बापूचे भरलेले सगळे पैसे परत केले. पावती फाडली, विषय संपला.

पुढे आम्ही अडीच तास बसून होतो, कारण ढग आले होते. आकाश आम्हाला तर निळंच दिसत होतं. तिथला प्रमुख दर थोड्या वेळानं बाहेर यायचा, वर बघायचा, वारा मोजायच्या यंत्राकडे बघायचा आणि मान हलवायचा. पोरं कंटाळली, एक युरोपियन जोडपं चिडलं. तो हाताची घडी घालून उभा. म्हणाला, 'आज नाही झालं तर उद्या या, किंवा पैसे घेऊन जा.'

अखेर आमचा नंबर लागला. उडीबद्दल थोडक्यात सांगतो, म्हणजे तुमच्या मनातली चित्रं जरा जागेवर येतील.

नवख्या माणसाला एकट्याला सोडत नाहीत. टँडम म्हणतात त्याला. इन्स्ट्रक्टरच्या छातीला आपली पाठ चार जागी पट्ट्यांनी आणि लोखंडी हुकांनी जखडलेली. पॅराशूट त्याच्या पाठीवर. आपलं काम पाय मागे घेणं, मान वर ठेवणं आणि उतरताना पाय पुढे उचलणं, एवढंच. त्या पिशवीत पॅराशूट एक नसतं. मुख्य एक, ते नीट उघडलं नाही तर राखीव दुसरं. आणि इन्स्ट्रक्टर बेशुद्ध जरी पडला तरी एक छोटं यंत्र असतं, ते उंची आणि पडायचा वेग मोजत असतं. ठराविक उंचीखाली वेग कमी झालेला नसेल तर राखीव पॅराशूट ते आपणहून उघडतं. आमच्या धंद्यात याला समजायला सोपी जोड आहे: आधी फ्यूज, मग एमसीबी, आणि माणसाला शॉक बसायच्या वेळी लाइन पाडणारा ईएलसीबी. एक चुकलं तर दुसरं, दुसरं चुकलं तर तिसरं.

दार उघडलं तेव्हा काय वाटलं? काही नाही. खरंच काही नाही, कारण माझी लेक माझ्या पुढे होती. ती तिच्या इन्स्ट्रक्टरबरोबर दारात सरकली, मागे वळून एकदा हसली आणि दिसेनाशी झाली. त्या दारापाशी मला स्वतःचा जीव आठवलाच नाही.

मग आम्ही. झोपाळ्यावर पोटात खड्डा पडतो तसा पडेल वाटलं होतं, तसा पडला नाही. तोंडावर वाऱ्याचा मार, कानात गर्जना, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. हे सगळं मिनिटभरापेक्षा कमी. मग एक हिसका, आणि एकदम शांत. इतकं शांत की इन्स्ट्रक्टर मागून बोललेला घरातल्यासारखा ऐकू येत होता. खाली हिरवी शेतं, तळी, लांब समुद्राची रेघ. आणि थोडं खाली डावीकडे लेकीचं रंगीत पॅराशूट.

ते बघताना मला कोकण आठवलं. आणि तेव्हा, पॅराशूट उघडून जीव सुखरूप असताना, माझ्या अंगावर काटा आला.

दोन वर्षांपूर्वी, मे महिना, कोकणातला एक किनारा. नाव लिहीत नाही, कारण दोष त्या गावाचा नाही. बोटीला दोर बांधून पॅराशूटनं वर उडवतात ते पॅरासेलिंग. लेक आणि तिची मामेबहीण हट्ट धरून बसल्या. मी भाव विचारला. मग घासाघीस केली. मग म्हणालो, 'दोघींना एकदमच सोड, पैसे एकाचे घे.' मालक खुर्चीत बसून हो म्हणाला. दोर धरलेला पोरगा होता वीसेक वर्षांचा. तो हळूच म्हणाला, 'काका, वारा वाढलाय. जरा वेळ थांबूया.'

मी काय म्हणालो माहीत आहे? 'अरे आम्हाला आंबा घाटातून दिवसाउजेडी जायचंय. काय होत नाही, सोड.'

मालकानं मान डोलावली. पोरगा गप्प बसला. पोरी वर गेल्या. बोट वळताना वाऱ्याचा झोत आला, दोर ढिला पडला आणि दोघी लांब पाण्यात पडल्या. बोट थांबेपर्यंत काही अंतर ओढल्या गेल्या. भाचीच्या लाइफ जॅकेटचा एक पट्टा लावलेलाच नव्हता. बोटीतल्या पोरांनी उड्या मारून काढलं त्यांना. काही झालं नाही. दोघी खोकल्या, हसल्या. आम्ही व्हिडिओ काढला होता, तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर हसणारी तोंडं लावली.

तिथे हवेत लटकताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पटायाच्या काउंटरवरची पोरगी आणि कोकणातला तो दोर धरणारा पोरगा, दोघं एकच वाक्य बोलले होते. तिचं 'नाही' चाललं, त्याचं चाललं नाही. तिच्या पाठीशी काटा होता, लिहिलेला नियम होता, पैसे परत द्यायची मुभा होती आणि तिचा मालक होता. त्याच्या पाठीशी कोणी नव्हतं. आणि त्याच्या समोर मी होतो.

म्हणून हे लिहायला बसलो.

आपण अशा वेळी लगेच म्हणतो, 'परदेशात शिस्त असते, आपल्याकडे माणसंच तसली.' मला हे पटत नाही, आणि पटू नये असं एक उदाहरणही आहे. अमेरिकेत उड्यांचा हिशोब ठेवला जातो. २०२३ मध्ये तिथे छत्तीस लाखांवर उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. आकडा लहानच आहे. पण त्याच अमेरिकेत, हवाई बेटांवर, म्हणजे असल्याच सुट्टीच्या जागी, २१ जून २०१९ ला स्कायडायव्हिंगचं विमान धावपट्टी सोडता सोडता कोसळलं. आतले अकराच्या अकरा गेले. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या तिथल्या सरकारी मंडळानं पायलटच्या उड्डाणाच्या बेदरकार पद्धतीला दोष दिलाच, पण अशा व्यवसायांवर देखरेख करायला विमान वाहतूक खात्याचे नियमच अपुरे होते हेही लिहिलं. त्याच विमानाला २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात असाच उड्या मारणाऱ्यांना नेताना मोठा अपघात झाला होता, तेव्हा सगळे वाचले. दुरुस्त करून विमान पुन्हा धंद्यात आलं होतं.

आता सांगा, त्यातल्या प्रवाशांनी काय विचारायला पाहिजे होतं? 'तुमच्या विमानाचा २०१६ चा इतिहास सांगा' असं कोण विचारतो? म्हणजे गिऱ्हाइकानं चौकस असून भागत नाही. गिऱ्हाइकाला जे दिसत नाही ते बघायला सरकारी माणूस लागतो. आणि सरकारी माणसाला सगळीकडे उभं राहता येत नाही, म्हणून जागेवर 'नाही' म्हणणारा लागतो. दोन्ही पाहिजेत.

आपल्याकडे कागदावर काय आहे? बरंच आहे. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले खेळ घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची. जून २०२२ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आलं. त्यात पॅराग्लायडिंग आहे, स्कायडायव्हिंग आहे, नोंदणी आहे, दंडही आहे. समुद्रातल्या खेळांना आपल्याकडे सागरी मंडळाची परवानगी लागते. पावसाळ्यात हे खेळ बंदच असतात. म्हणजे बघा, 'नाही' म्हणायची सवय आपल्या सरकारलाही आहे. फक्त ती पावसाळ्यापुरती आहे.

आणि तरी जानेवारी २०२५ मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. पॅराग्लायडिंग करायला गेलेली पुण्याची सत्तावीस वर्षांची मुलगी आणि तिचा नेपाळी पायलट, दोघंही उड्डाण केल्या केल्या दरीत पडून गेले. परवानगी नसताना तिथे उड्डाणं चालू होती असं पोलिसांनी सांगितलं, मालकावर गुन्हा दाखल झाला. गुन्हा नंतर दाखल झाला, हे वाक्य मला टोचतं. तो पायलटही सव्वीस वर्षांचा पोरगा होता. लांबून पोटासाठी आलेला. त्याला त्या दिवशी 'नाही' म्हणावंसं वाटलं असतं, तर म्हणता आलं असतं का?

आता कोणी म्हणेल, 'दादा, तुम्ही पैसेवाले, परदेशात उड्या मारून आलात आणि कोकणातल्या पोरांचा धंदा बंद करायला निघालात.' रास्त प्रश्न आहे. मोसम चार-पाच महिन्यांचा, बोटीचं कर्ज, डिझेल. वाऱ्यापायी दिवसभर बसून राहिलं तर घरी काय नेणार? म्हणून तर सांगतो, सगळा घोळ पैशाच्या गाठीत आहे. दिवस बुडाला तर तोटा कोणाचा, हे आधी ठरवा. तो दोर धरणाऱ्या पोराला उड्डाणामागे पैसे मिळत असतील, तर वाऱ्याचा प्रत्येक झोत त्याच्या पोटावर येतो. त्याला दिवसाचा ठरलेला पगार असेल, तर तो आकाशाकडे बघून खरं बोलेल. आणि एक अपघात झाला की अख्ख्या किनाऱ्याचा धंदा बंद पडतो, तेव्हा डिझेल कोण देतं?

माझ्या मते चार गोष्टी करायला फार मोठा खर्च नाही.

एक. प्रत्येक काउंटरवर ठळक मराठीत फलक लावा. नोंदणी क्रमांक, परवानगी कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यानं दिली, तक्रारीचा फोन. मला आजही पर्यटनाच्या सहलीत एखाद्या माणसाला 'तुमचं रजिस्ट्रेशन दाखवा' म्हणायला संकोच वाटतो. फलक असेल तर विचारावं लागणार नाही. आणि फलक नसेल तर तेच उत्तर.

दोन. वजनकाटा आणि वारा मोजायचं यंत्र जागेवर पाहिजे आणि गिऱ्हाइकाला दिसेल असं पाहिजे. किती वजनाला आणि किती वाऱ्याला बंद, तो आकडा भिंतीवर लिहा. माणसाशी हुज्जत घालता येते, भिंतीवरच्या आकड्याशी घालता येत नाही.

तीन. हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत, हा नियमच करा. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं लिहिलेलं असतं तेव्हा गिऱ्हाईकच धोका घ्यायला लावतं. मी स्वतः तसलं गिऱ्हाईक होतो.

चार. दोर, बोट, हार्नेस यांची तपासणी कधी झाली याची वही ठेवा, आणि किती उड्डाणं झाली, किती वेळा गडबड झाली तेही लिहा. माझ्या लेकीचं पाण्यात पडणं कुठल्याही वहीत नाही. ते फक्त आमच्या घरच्या ग्रुपवर आहे, हसणाऱ्या तोंडांसकट.

आणि आपण काय करायचं? घासाघीस भाजीत करा, जिवात नको. दोघांना एका पट्ट्यात बसवून पैसे वाचवू नका. पट्टा स्वतः ओढून बघा. परदेशात उडी मारणार असाल तर आपला प्रवास विमा आधी वाचा, बऱ्याच पॉलिसींत असले खेळ सरळ वगळलेले असतात. मीही ते परत आल्यावर वाचलं, हे कबूल करतो. आणि फॉर्मवर सही करताना वाचून करा. 'आमची जबाबदारी नाही' एवढीच ओळ असेल आणि आजारपणाचा एकही प्रश्न नसेल, तर तो फॉर्म तुमच्यासाठी नाही, त्यांच्यासाठी आहे.

शीतलताईंच्या त्या नऊवारीच्या फोटोकडे मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. आपण साडी बघितली आणि टाळ्या वाजवल्या. पण तेरा हजार फुटांवर ताशी दोनशेच्या वाऱ्यात नऊवार कापड पॅराशूटच्या आड येऊ द्यायचं नाही म्हणजे जमिनीवर किती तयारी करावी लागली असेल! धाडस त्या तयारीत असतं. उडी तर काय, मिनिटभरात संपते. मी मारली म्हणजे कोणीही मारू शकतं.

आमच्या धंद्याचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्याला शहाणपण. फ्यूज सारखा उडतोय म्हणून जाड तार टाकून द्या, असं सांगणारं गिऱ्हाईक महिन्यातून चारदा येतं. ईएलसीबी पडतोय म्हणून बायपास करा म्हणणारंही येतं. पूर्वी एखाद्या वेळी मी 'चालतंय' म्हणून करून दिलंय. जानेवारीपासून नाही करत. दोन कामं गेली. जाऊ देत. त्या थाई पोरीसारखं हसून 'नाही' म्हणायला शिकतोय, अजून तिच्याइतकं छान हसता येत नाही.

बापू रोज सकाळी आमराईत फिरायला जातो. पाच किलो उतरलंय म्हणतो. पुढच्या डिसेंबरात त्याच काट्यावर उभा राहणार आहे, आणि काटा जे म्हणेल ते ऐकणार आहे.

मे महिन्यात आम्ही पुन्हा कोकणात जाणार आहोत. तो किनारा मला माहीत आहे. तो पोरगा तिथे असेल तर त्याला भेटायचंय, आणि माफी मागायचीय. तुम्हालाही कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या पठारावर असा पोरगा भेटला आणि म्हणाला, 'काका, आज वारा आहे, नको', तर त्याच्याशी वाद घालू नका. ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवा, चहा पाजा, आणि पोरांना घेऊन भेळ खायला जा.